दार न वाजवण्याची रीत

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय शेहेचाळीस, धंदा कवळ्या तयार करण्याचा, लग्न केलेलं नाही, देवाच्या दयेने अजून डोकं ठिकाणावर आहे आणि हात जेमतेम चालतो आहे तोवर, माझ्या पश्चात माझ्या चीजवस्तूंचं काय करावं हे माझ्या मर्जीने लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. दडपण आणायला घरात दुसरं कोणी नाही. मी शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला, आणि त्यांच्या खालच्या डाव्या दाढेला चीर गेली आहे हेही सांगितलं. त्यांनी मुकाट्याने सही केली.

सहा वर्षांपूर्वी मी एक मृत्युपत्र केलं होतं. ते रागात केलेलं होतं. घर विकून टाकावं आणि आमच्या चर्चच्या मंडळीला त्यातली काडीही मिळू नये, असं त्यात होतं. ते मी या कागदाने रद्द करते.

या कागदाला दोन साक्षीदार लागतात. एक डॉक्टर आहेत. दुसरी जागा मी मोकळी ठेवली आहे. ती एकाच बाईने भरावी अशी माझी इच्छा आहे, आणि ती बाई येईल की नाही मला माहीत नाही. सात वर्षं आम्ही एकमेकींशी बोललेलो नाही. वकिलांनी बजावलं की साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नका, नाहीतर पुढे वांधे होतात. त्यामुळे तिला काही द्यावं की तिला बोलवावं, यातलं एक मला निवडावं लागलं. मी बोलवायचं ठरवलं. ती आली नाही तर या सगळ्या लिहिण्याला कागदापलीकडे किंमत नाही.

एका बैठकीत फार तर पानभर लिहून होतं, मग हात खाली ठेवावा लागतो. कुठे अक्षर बदललेलं दिसलं तर तो दुसरा दिवस समजावा, दुसरा माणूस नव्हे.

कलम एक. या मृत्युपत्राची अंमलबजावणी सुतारमामांनी करावी. ते माझे सख्खे मामा नाहीत, कोणाचेच नाहीत, पण आमच्या चर्चमधली बाकं, दारं आणि बरीचशी भांडणं तेच दुरुस्त करतात. त्यांना मी काही ठेवलेलं नाही. त्यांनीच सांगितलं, "मला काही ठेवू नकोस गं बाई. लोक म्हणतील, मामाने आपल्याच पोळीवर तूप ओढलं."

कलम दोन. खालच्या खोलीतली सगळी हत्यारं, म्हणजे मेणाच्या सुऱ्या, कानशी, पॉलिशची मोटर, आणि वरचा-खालचा जबडा जुळवायची बाबांची पितळी चौकट, ही पलीकडच्या गल्लीतल्या दातवाल्याला द्यावीत.

होय, त्यालाच. बाबा गेल्यावर मी दुकान चालवायला घेतलं, तेव्हा हा माणूस गिऱ्हाइकांना सांगत फिरला की बाईमाणसाने केलेले दात दिसायला छान असतात, पण चावत नाहीत. त्याला मी क्षमा केलेली नाही. प्रयत्न केला, जमलं नाही, आता त्राण नाही. पण त्याच्या मोटरीला दम नाही. त्याच्या कवळ्यांच्या कडा खरखरीत राहतात आणि हिरड्या सोलतात. त्या हिरड्या कोणाच्या तरी आहेत. म्हणून हे त्याने दान समजू नये, त्याच्या गिऱ्हाइकांची सोय समजावी.

कलम तीन. भिंतीवरच्या लांब फळीवर प्लास्टरचे शंभरावर साचे आहेत. प्रत्येकाच्या पाठीला पेन्सिलीने ओळख लिहिली आहे: "भाजीवाली, वरचा", "मोठा खोकला", "पाळकांची सासू". आमची मंडळी लहान, माणसं सत्तरएक, त्यातली बहुतेक म्हातारी. मला सगळे दातताई म्हणतात. निम्मी मंडळी माझ्या दातांनी गाते. मागच्या बाकावरूनही मला कळायचं की कोण मनापासून गातंय आणि कोण नुसते ओठ हलवतंय. हे साचे ज्याचे त्याला परत करावेत. जे गेले त्यांचे त्यांच्या मुलांना द्यावेत. ज्यांचं कोणी नाही त्यांचे माझ्या शवपेटीत ठेवावेत असं एकदा मनात आलं होतं. पण प्लास्टर जड असतं आणि पेटी उचलणारे सगळे सत्तरीचे. तेव्हा ते चर्चच्या मागच्या बागेत वाफ्यांच्या कडेने लावावेत. तेवढेच ते माणसांत राहतील.

कलम चार. बँकेत जे काही उरेल ते दादाच्या मुलीला, माझ्या भाचीला. आईचं गीतांचं पुस्तक दादाला.

दादाबद्दल मला जास्त लिहायचं नव्हतं. तो दूरच्या शहरात असतो. आईच्या आजारपणात तो रोज न चुकता फोन करायचा आणि रोज म्हणायचा, "काही लागलं तर सांग." आता माझ्या आजारातही तेच चाललं आहे. गेल्या आठवड्यात म्हणाला, "तिथे तुझ्याजवळ आहे कोण? तू इकडे ये."

"वहिनीला विचारलंस?"

"विचारीन की."

"आधी विचार, मग बोलाव."

"तू ना, कोणाला जवळ येऊच देत नाहीस. आईवर गेलीस."

"आईवर नाही. आईला माणसं लागायची."

मग म्हणाला, "बरं, काही लागलं तर सांग."

दादा, हे तुला वाचून दाखवतील तेव्हा वाईट वाटून घेऊ नकोस. त्या वाक्यात खोट नाही. फक्त आजारी माणसाला ते वाक्य म्हणजे आणखी एक काम होऊन बसतं. काय लागतंय हे शोधा, मग धीर करून मागा, मग आभार माना. तेवढी ताकद असती तर लागलंच कशाला असतं?

कलम पाच. हे कलम म्हणजे मिळकतीची वाटणी नाही. पण पुढचं कळण्यासाठी आधी हे सांगायला हवं.

आमच्या मंडळीत एक रीत आहे. कोणी अंथरुणाला खिळलं की चर्चमधून त्या घरी एक खुर्ची जाते. घडीची, लाकडी, बसायला वेताची. ती आजाऱ्याच्या उशाशी ठेवायची. मग मंडळीतली माणसं पाळीपाळीने येतात आणि दोन-दोन तास तिच्यावर बसतात. बोलायलाच हवं असं नाही. घरच्यांनी त्यांना चहा विचारायचा नाही, त्यांनी मागायचा नाही. तेवढ्यात घरचं माणूस आंघोळ करतं, कामावर जातं, पाठ टेकतं. आजारी उठला की खुर्ची परत जाते, नाही उठला तरी परत जाते. कोणी "काही लागलं तर सांगा" म्हणत नाही. खुर्ची आली म्हणजे माणसं येणार, हे ठरलेलं.

त्याला जोडून आणखी एक नियम आहे. बसायला येणाऱ्याने दार वाजवायचं नाही. आजाऱ्याच्या घरात झोपेइतकी दुर्मिळ वस्तू दुसरी नसते. दार उघडं असेल तर सरळ आत यावं. बंद असेल तर घरच्यांचा डोळा लागला आहे असं समजावं आणि दार उघडेपर्यंत बाहेर पायरीवर बसावं. हा नियम कोणी केला ते आता कोणाला सांगता येत नाही. चांगल्या मनाने केला होता, एवढं खरं.

दोन महिन्यांपूर्वी ती खुर्ची माझ्यासाठी आली. सुतारमामा ती खांद्यावर घेऊन जिना चढले आणि दारात धापा टाकत उभे राहिले.

"कोणी मागवली?" मी विचारलं.

"खुर्चीला कोण बोलावणं धाडतं? ती येते."

"आली तशी जाऊ दे."

"दातताई, अगं अख्खा जिना चढून आणली. निदान मला तरी बसू दे तिच्यावर."

ते पाच मिनिटं बसले, पाणी प्यायले आणि खुर्ची घेऊन गेले. आठवड्याने पुन्हा आले. मी पुन्हा परत पाठवली. तिसऱ्या वेळी ते खुर्ची न घेता आले आणि बोलणं होईस्तोवर भिंतीला टेकून उभेच राहिले. बसा म्हटलं तर म्हणाले, "कशावर?"

मला ती खुर्ची नको होती, कारण आईच्या उशाशी मी ती रिकामी पाहिली होती.

कलम सहा. आई चार महिने अंथरुणावर होती. सकाळी दहा ते बारा अशी पाळी गजरकाकूंची. त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. काकू विधवा झाल्या, दुकान गेलं, पण वेळ त्यांच्या अंगात राहिली. उपासनेला त्या आल्या की पाळक आपलं घड्याळ लावून घेतात. म्हणून गजरकाकू.

मी साडेनऊला निघून दातांच्या डॉक्टरांकडे तयार काम पोचवायला जात असे. वरच्या दाराला आपोआप लागणारं कुलूप आहे, म्हणून जाताना फटीत लाकडाची पाचर अडकवून दार उघडं ठेवत असे. दहाला काकू यायच्या, बाराला मी. त्या दिवशी एका दवाखान्यात मला उशीर झाला. एक वाजता घरी आले तर आई गेलेली होती. खुर्ची रिकामी होती. तिच्या वेतावर कोणी बसून गेल्याची खूणही नव्हती. काकू आल्याच नव्हत्या.

निदान मी तसं समजले. दफनाच्या दिवशी चर्चच्या दाराशी, सगळ्यांच्या देखत, मी त्यांना म्हटलं, "आज बरा वाजला तुमचा गजर, काकू. परवा कुठे गेला होता?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाल्या, "चुकलं माझं."

त्याउप्पर एक शब्द नाही. मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. मग शेवटच्या बाकावर बसू लागले आणि वर्षभरात उपासनेला जाणंही सोडलं. त्यांची पाळी कोणी काढून घेतली नाही, पण पुढे कोणाच्या घरी खुर्ची गेली की लोक काकूंना विचारायचं विसरू लागले. दात करायला त्या माझ्याकडे न येता पलीकडच्या गल्लीत गेल्या. मला रस्त्यावरूनही दिसायचं की वरची कवळी बोलताना खाली येते. मला त्याचा आनंद व्हायचा. हेही लिहून ठेवते.

कलम सात. हे कलम माझ्या दफनानंतरच्या पहिल्या उपासनेच्या शेवटी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावं. सुतारमामांनी वाचावं. त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो.

आमच्या जिन्याखाली बूट-चपला दुरुस्त करणारा बसतो. तीन आठवड्यांपूर्वी तो पूर्ण कवळीचं माप द्यायला आला. माझ्या हातचं ते शेवटचं काम. माप घेताना गिऱ्हाइकाला बोलता येत नाही, म्हणून मी काहीबाही बोलत असते. साचा काढला, त्याने चूळ भरली आणि विचारलं, "त्या म्हाताऱ्या बाई आता येत नाहीत का?"

"कोण?"

"त्या हो, तुमची आई गेली त्या दिवशी जिन्यावर बसल्या होत्या. पार वर, तुमच्या दाराशी. गार फरशी, म्हणून मी स्टूल देऊ केलं. नको म्हणाल्या. बाराचा भोंगा झाला, मग उतरल्या."

"त्याच दिवशी? नक्की?"

"दुपारी तुमच्याकडे माणसं जमली ना, म्हणून लक्षात राहिलं."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुम्ही कुठे विचारलंत? आणि बोलणार कशाने? दात कुठे होते?"

तो हसला. मी त्याचा साचा हातात धरून उभी राहिले, इतका वेळ की प्लास्टर ओतायचं राहून गेलं आणि माप फुकट गेलं. त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलवावं लागलं.

त्या दिवशी एक वाजता मी किल्लीने दार उघडलं होतं. सात वर्षं मला ती किल्ली आठवत होती, तिचा गारवा, ती दोनदा फिरवावी लागली तेसुद्धा. पण दार उघडं ठेवून गेले असते तर किल्ली लागली कशाला असती, हे मी स्वतःला कधी विचारलं नाही. सकाळी मी घाईत होते. हातात दोन डबे होते. जुन्या सवयीने पायाने दार ओढून घेतलं आणि पाचर आतच राहिली.

काकू दहाला आल्या. दार बंद दिसलं. रीत पाळून त्यांनी ते वाजवलं नाही. त्यांना वाटलं, मी आत आहे, डोळा लागला असेल. त्या दोन तास पायरीवर बसल्या आणि पाळी संपल्यावर गेल्या. दाराच्या आत आई एकटी गेली, आणि ते दार मी लावलेलं होतं.

चर्चच्या दाराशी मी त्यांना टोमणा मारला, त्या क्षणी काकूंना हे कळलं असणार. मी घरात नव्हते, म्हणजे दार कोणी लावलं, हे कळायला कितीसा वेळ लागतो? त्या बराच वेळ माझ्याकडे पाहत होत्या, तो त्याच हिशोबाचा वेळ होता. मग त्यांनी ठरवलं आणि म्हणाल्या, चुकलं माझं.

मंडळीला माझं सांगणं एवढंच. काकू आल्या होत्या, वेळेवर आल्या होत्या. तुम्ही सात वर्षं ज्यांना विसरलात त्या तुमच्यातल्या सगळ्यात भरवशाच्या होत्या. आणि यापुढे दार वाजवा. झोपमोड झाली तर होऊ द्या.

हे कळल्यावर मी ताबडतोब त्यांच्याकडे जायला हवं होतं. गेले नाही. माझा जिना उतरायचा आणि त्यांचा चढायचा, एवढी शक्ती नाही, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरं होतं आणि बहाणाही होता. मी नुसती पडून राहिले. अशा वेळी लाज इतकी दमवते की तापसुद्धा बरा.

कलम आठ. घराच्या वरच्या दोन खोल्या मंडळीला. त्यात सभा भरवू नयेत, कपाटं आणून ठेवू नयेत. ज्याच्या घरी आजारी माणूस आहे आणि ज्याला कित्येक दिवसांत धड झोप मिळालेली नाही, त्याने इथे यावं आणि झोपावं, एवढ्यासाठीच त्या वापराव्यात. दोन गाद्या, स्वच्छ चादरी, जाड पडदा. तो मंडळीतला नसला तरी चालेल. दाराचं आपोआप लागणारं कुलूप सुतारमामांनी काढून साधी कडी बसवावी. खालची खोली भाड्याने द्यावी आणि भाड्यातून वरची डागडुजी करावी.

कलम नऊ. दफन साधं असावं. मला दात दिसतील असं हसवून ठेवू नये.

शुभवर्तमानातल्या एका गोष्टीवर दोन शब्द बोलले गेले तर बरं वाटेल. लुळ्या माणसाला चौघं मित्र उचलून नेतात, गर्दी पाहून घराचं छप्पर उकलतात आणि त्याला वरून खाली सोडतात, ती गोष्ट. पाळक नेहमी त्या चौघांबद्दल बोलतात. त्यांचा विश्वास, त्यांचे खांदे. मी या दिवसांत त्या पाचव्याचा विचार करते. तो गोष्टीत सुरुवातीपासून आडवाच आहे. त्याने एकदा जरी म्हटलं असतं की राहू द्या, मला नको, कशाला लोकांचं छप्पर मोडता, तर गोष्ट तिथेच संपली असती. त्याला फक्त उचलू द्यायचं होतं. मला वाटतं, पाचांत त्याचंच काम सगळ्यात अवघड होतं.

हे लिहून झाल्यावर मी सुतारमामांना निरोप पाठवला. ते आले. मी म्हटलं, "मामा, खुर्ची घेऊन या. आणि गजरकाकूंना विचारा, साक्षीदार म्हणून सही करायला येतील का?"

"दोन्ही एकदम?" मामा म्हणाले. मग कान खाजवत म्हणाले, "नाही म्हणाल्या तर?"

"तर तसं येऊन सांगा. गोड करून सांगू नका."

संध्याकाळी ते परत आले.

"काय म्हणाल्या?"

"काहीच नाही. किती वाजता, एवढंच विचारलं."

पुरवणी. हे मी काकू समोर बसलेल्या असताना लिहीत आहे. खरं तर आतापर्यंत सह्या व्हायला हव्या होत्या.

त्या दहाला आल्या. दार सताड उघडं होतं, तरी उंबऱ्यात थांबल्या. म्हणाल्या, "येऊ का?"

"या ना."

त्या खुर्चीवर बसल्या. डॉक्टर खिडकीपाशी उभे होते. काकूंनी चष्मा लावला आणि कागद मागितला. "वाचल्याशिवाय मी कशावरही सही करत नाही." डॉक्टर म्हणाले, साक्षीदाराने वाचायची गरज नसते. काकू म्हणाल्या, "तुम्हाला नसेल."

कलम दोनवर त्या हसल्या आणि वरची कवळी खाली आली. ती अंगठ्याने वर ढकलत म्हणाल्या, "बघ, हे असं होतं. मेल्याने बसवलेत." मग पुढे वाचत गेल्या. सातव्या कलमापाशी थांबल्या. ते त्यांनी दोनदा वाचलं.

"हे सगळ्यांसमोर वाचायचं?"

"हो."

"कशाला? मेल्यावर स्वतःची शोभा करून घ्यायची हौस?"

"तुमची सात वर्षं झाली, त्याचं काय?"

"माझं काय? वय झालंय माझं. चार जिने कमी चढावे लागले."

"काकू, खोटं बोलू नका."

त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाल्या, "पडला फरक. खूप पडला. पाळीच्या वेळेला घरात नुसती बसून राहायचे. पण तुला सांगितलं असतं तर तुझं काय झालं असतं? तू त्या दिवशी कशी दिसत होतीस, तुला ठाऊक नाही. मी पाहिलंय. त्यात ते दार आणखी कुठे ठेवू तुझ्या डोक्यावर?"

माफी मागायला वाक्य जुळवून ठेवलं होतं, ते आठवेना. मी त्यांचा हात धरला. त्यांनी धरू दिला, आणि दुसऱ्या हाताने कागदावर बोट ठेवलं.

"हे मात्र खोटं आहे. यावर मी सही करणार नाही."

"कोणतं?"

"आई एकटी गेली म्हणतेस ते. एकटी कशी? मी होते की."

"तुम्ही बाहेर होतात, काकू."

"दाराला पाठ लावून बसले होते. केवढंसं ते दार! वेळ जाईना म्हणून गीत म्हणत होते, हळू आवाजात. दुसऱ्या कडव्याला आतून तिने सूर धरला. मला वाटलं, वा, आज बरी दिसते. तोंडात दात नव्हते तिच्या, शब्द कळत नव्हते, नुसता सूर. तीन कडवी आम्ही दोघींनी म्हटली. मग ती थांबली. मी म्हटलं, डोळा लागला असेल. राहिलेलं कडवं मग माझं मीच म्हटलं, अगदी हळू, तिला जाग नको म्हणून."

इथे मला लिहायचं आहे की माझी समजूत काढण्यासाठी काकूंनी हे रचलेलं नाही. आईची कवळी ढिली झाली होती. त्या सकाळी मी ती दुरुस्तीसाठी तिच्या तोंडातून काढून घेतली आणि माझ्या डब्यात टाकून नेली. परत आल्यावर, कोणी येण्याआधी, मीच ती पुन्हा बसवली. त्या साडेतीन तासांत आईच्या तोंडात दात नव्हते, हे माझ्याशिवाय जगात कोणालाही माहीत नव्हतं.

डॉक्टर खिडकीबाहेर पाहत राहिले.

मग काकू म्हणाल्या, "मी वाजवायला हवं होतं. रीत रीत करत बसले. रोज मनात येतं. तेव्हा निम्मी चूक माझ्या नावावर लिही."

"साक्षीदाराच्या नावावर काही लिहिता येत नाही."

"हो का?" त्या म्हणाल्या. "मग खोड तरी."

मी फार दमले आहे. आता सही करते. काकू म्हणतात, सही झाली की झोप, मी बाराला जाईन. उद्याची पाळीही त्यांनीच घेतली आहे. मी नको म्हटलेलं नाही.

ठिकाण: माझं राहतं घर, वरचा मजला.
दिनांक: १४ मार्च २०१९, गुरुवार, सकाळचे दहा वाजून पन्नास मिनिटं.

मृत्युपत्र करणारीची सही: (दातताई)

दुरुस्ती: कलम सातमध्ये आईविषयी लिहिलेला "एकटी" हा शब्द सही करण्याआधी मी माझ्या हाताने खोडला आहे. बाकी मजकूर आहे तसा कायम.

साक्षीदार पहिले: वरील बाईंनी पूर्ण शुद्धीत माझ्यासमोर सही केली. खोडलेला शब्दही माझ्यासमोर खोडला. (सही, डॉक्टर)

साक्षीदार दुसरी: घड्याळजींची विधवा, वय अठ्ठ्याहत्तर. सगळं वाचलं. शब्द मी खोडायला लावला, कारण मी तिथे होते. (सही)